दुसऱ्या बशीतली माती

आशुतोषने कपाटाचं कुलूप उघडलं तेव्हा सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. फेल्डहोवन या डच गावातल्या वस्तीच्या त्या लहानशा सभागृहात शनिवारी दुपारी मराठी माणसं दाटीवाटीने बसली होती. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते. त्यातले बहुतेक जण चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारे. कामावर यांना केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक खपत नाही. इथे मात्र काचेच्या दोन चपट्या बश्या बघण्यासाठी सगळ्यांच्या माना उंच झाल्या होत्या.

बश्या बाहेर काढल्या त्या श्यामकांतने. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वीपर्यंत बँकांची सॉफ्टवेअर बसवत असे. मग म्हणे त्याला नदीकाठी साक्षात्कार झाला आणि तो 'सिद्धमृत्तिका' वाटू लागला. महाराज म्हणायला या मंडळींना लाज वाटे, म्हणून सगळे त्याला सर म्हणत. पायावर डोकं ठेवायचं ते ठेवतच.

"मी श्रद्धा मागत नाही," श्यामकांत म्हणाला. "श्रद्धा बाजूला ठेवा. मी डेटा देतो. गेल्या शनिवारी तुमच्या समोर दोन्ही बश्यांत जंतू पसरले. दोन्हीत एकाच जागची माती ठेवली. हिच्यावर मंत्र म्हटला, तिच्यावर नाही. किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे, सर," आशुतोष म्हणाला. छाती जरा फुगलीच त्याची.

"मंत्र म्हणजे काय? फ्रीक्वेन्सी. फ्रीक्वेन्सी मातीत लॉक झाली की माती माती राहत नाही, औषध होते. बघा!"

दोन्ही बश्यांत जंतूंचा पिवळा थर साईसारखा धरला होता. मंत्र न म्हटलेल्या मातीभोवती तो थेट मातीच्या कडेला भिडलेला. मंत्रलेल्या मातीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक वलय. तिथे एकही जंतू उरला नव्हता. सभागृहात "अरे बापरे" झालं, मोबाइल वर गेले, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या नंदाताईंनी हात जोडले.

नंदाताई आशुतोषची आई. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या. त्यांच्या शेजारी त्यांची सून, पद्मजा बसली होती, आणि तिला एकटीलाच त्या वलयाचं आश्चर्य वाटलं नव्हतं. वाखनिंगनच्या प्रयोगशाळेत असली वलयं ती रोज बघत असे, तिची भाकरीच त्यांवर होती. तिला आश्चर्य वाटत होतं ते दुसऱ्या बशीचं. साध्या मातीभोवती वलय का नाही?

प्रसाद म्हणून दोन्ही मातींच्या पुड्या वाटल्या गेल्या, "घरी ताडून बघा" असं वर म्हणून. पद्मजाने दोन्ही पुड्यांवर पाण्याचे थेंब टाकले आणि नाकाशी धरल्या. मंत्रलेल्या मातीला ओल्या मातीचा वास आला. दुसरीला काहीच नाही. त्या वासाचं मूळ मातीतल्या सूक्ष्मजीवांत असतं, हे तिला ठाऊक होतं. वास नाही म्हणजे ही माती कुणीतरी ठार मारलेली होती.

ती काही बोलणार, एवढ्यात नंदाताई उठल्या आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर नीट टेकेना.

घरी आल्यावर पद्मजाने त्यांचा मोजा काढला. मधुमेही माणसाचा पाय. नवीन बुटाने अंगठ्याखाली झालेला फोड, त्याची आता जखम झालेली, आणि त्या जखमेत दाबून भरलेली काळी माती. कडा सुजून लाल झाल्या होत्या. वास येत होता.

"आई, हे कधीपासून?"

"आठवडा झाला. उतार पडतोय. दुखतसुद्धा नाही आता."

दुखत नाही हेच वाईट होतं. मधुमेहाने पायाची जाणीवच बोथट झाली होती. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं," पद्मजा म्हणाली.

"कुठल्या? त्या हाउसआर्ट्सकडे?" इथल्या फॅमिली डॉक्टरचं नाव काढताच नंदाताईंचा पारा चढला. "मी गेले होते ना आशुतोषबरोबर. बाई म्हणाली, रोज धुवा, पट्टी बांधा, चालू नका, लाली दिसली तर लगेच फोन करा. एक गोळी दिली नाही! आपल्याकडे साधा सर्दी-खोकला असला तरी डॉक्टर पाच दिवसांचा कोर्स देतात. या लोकांना आपल्या जिवाची किंमत नाही."

हे गाऱ्हाणं त्यांचं एकट्यांचं नव्हतं. इथल्या प्रत्येक मराठी घरात ते चहाबरोबर निघतं. तेव्हा जंतुसंसर्ग नव्हता, म्हणून डॉक्टरने प्रतिजैविक दिलं नाही आणि 'लाली दिसली तर फोन करा' असं बजावलं, एवढं साधं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. गोळी नाही म्हणजे डॉक्टर नाही, असा आपला हिशेब. त्या रिकाम्या जागेत श्यामकांत अलगद येऊन बसला होता.

"लाली दिसतेय, आई. मी फोन करते."

"तू जंतूंची डॉक्टर. माझी नाहीस." नावडतीचं मीठ अळणी, तसा पद्मजाचा शब्द. त्यांनी मोजा ओढून घेतला. "सर मंगळवारी घरी येणार आहेत माती बदलायला. त्यांच्यासमोर बोल काय ते."

पद्मजाने नवऱ्याकडे पाहिलं. "आशुतोष, तू तरी सांग."

"अगं, पण मी स्वतः कुलूप लावलं होतं," तो म्हणाला. "वलय मी डोळ्यांनी पाहिलं. तू दुसरा काही पुरावा दाखव, मी आईला उचलून नेतो."

पद्मजाला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तरी तिने फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, ताबडतोब घेऊन या. नंदाताईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग पद्मजा दोन्ही पुड्या आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीतली चमचाभर माती घेऊन वाखनिंगनला गेली. या घरात आता हीच एक भाषा चालणार होती.

मंगळवारी संध्याकाळी दिवाणखाना भरला. श्यामकांत आला, त्याच्या मागे यतीन नावाचा एक भक्त आणि आणखी चार-पाच जण. पद्मजाने चिकटपट्टीने बंद केलेल्या बश्या टेबलावर मांडल्या.

"ही तुमची मंत्रलेली माती. वलय आहे. ही आमच्या कुंडीतली. हिच्याभोवतीही आहे. कढीपत्त्यावर आम्ही कुणी मंत्र म्हणत नाही."

यतीन खो खो हसला आणि सरांकडे बघून एकदम थांबला.

"ही तिसरी तुमचीच मंत्रलेली, पण मी ओव्हनमध्ये कडक भाजली. वलय गेलं. आणि ही तुमची बिनमंत्राची. भाजलेलीसारखीच दिसते. दिसणारच." तिने बिनमंत्राच्या मातीची पुडी जरा ओली करून नंदाताईंपुढे धरली. "आई, वास घ्या."

नंदाताईंनी वास घेतला. परत घेतला. काहीच वास येईना. मग श्यामकांतकडे बघून अगदी सरळ विचारलं, "ही माती तुम्ही भाजली होती का हो?"

"माताजी, भाजणं म्हणजे अग्निसंस्कार. ती शून्य करण्याची प्रक्रिया..."

"भाजली होती का?"

श्यामकांत मुरलेला गडी, लगेच सावरला. "समजा भाजली. तरी पद्मजाताईंनी आज काय सिद्ध केलं? मातीत जंतू मारायची शक्ती आहे! जे मी पहिल्यापासून सांगतोय ते. शास्त्राने आज आपल्यावर शिक्का मारला!"

आणि त्या दिवाणखान्यात चक्क टाळ्या पडल्या. यतीनने बश्यांचा फोटोसुद्धा काढून घेतला. चोर पकडला तर चोरच हार घालून घेतोय, हे पद्मजाने पाहिलं. तिने खुर्ची ओढली आणि सासूसमोर बसली.

"शक्ती आहे, आई. पण कुणाची, ते ऐका. मातीतल्या काही जिवाणूंच्या पोटात विकरं असतात, एन्झाइम. त्यातली काही प्रचंड मोठी. समजा, हार करायला बायका एका ओळीत बसल्यात. पहिलीकडे फक्त शेवंती, दुसरीकडे फक्त झेंडू. प्रत्येकीने आपलं एकच फूल नीट पारखून ओवायचं आणि हार पुढे द्यायचा. कोण कुठे बसलीय, त्यावर हार ठरतो. विकराचे भाग तसेच. एकेक भाग एकेक अमिनो आम्ल निवडतो, साखळीला जोडतो, पुढे सरकवतो. एखादं फूल मुद्दाम उलटं ओवलं जातं. शेवटचा भाग साखळी तोडतो आणि पुष्कळदा दोन टोकं एकमेकांत बांधून टाकतो. टोकच सापडलं नाही, तर दुसऱ्या जंतूंना ती कुरतडणं अवघड जातं. हे झालं प्रतिजैविक."

"मंत्राशिवाय?" नंदाताईंनी हळूच विचारलं.

"कुणी ऐकत नसताना, करोडो वर्षं. जिवाणू ते शेजाऱ्याशी भांडायला करतात, आपल्यासाठी नाही. त्यातलं उपयोगाचं शोधून, वेगळं काढून, मोजून औषध करायला माणसांची आयुष्यं जातात. चिमूटभर मातीत ते नावापुरतं. आणि ते सगळ्या जंतूंवर चालतही नाही. सरांनी वापरलेले हे पिवळे जंतू शाळेच्या प्रयोगाचे, फुंकर मारली तरी मरतील असे. ही पाचवी बशी बघा. इथले जंतू वेगळे, त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं. माती तीच. वलय कुठे आहे?"

वलय नव्हतं.

"आणि ही शेवटची. हिच्यात मी कुठलेच जंतू घातले नव्हते. फक्त सिद्धमृत्तिका."

बशी पांढऱ्या, तपकिरी, लवदार, चिकट ठिपक्यांनी भरून गेली होती. पद्मजाने ती सासूपुढे सरकवली. "यातले कोणते चांगले नि कोणते वाईट, मला सांगता येणार नाही. धनुर्वाताचे जंतू तर हवा लागते म्हणून या बशीत वाढणारही नाहीत, पण मातीत ते असू शकतात. हे सगळं, आई, तुमच्या पायात भरलंय."

नंदाताईंनी आपल्या पायाकडे पाहिलं. "आशुतोष," त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

तो कधीच उठला होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

इस्पितळात शिरेतून औषध सुरू झालं. पद्मजाने पिशव्यांवरची नावं वाचली. त्यातलं एक औषध मुळात मातीतल्याच जिवाणूच्या विकरांनी घडवलेलं होतं, पण शुद्ध केलेलं, वजनाप्रमाणे मोजलेलं. नंदाताई वाचल्या. संसर्ग हाडात उतरला होता, म्हणून डाव्या पायाची बोटं आणि पुढचा भाग कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर बहुतेक पाय राहिला असता. आशुतोष भिंतीकडे तोंड करून रडला. कुलूप लावताना आपण सगळं तपासलं, फक्त माती सोडून, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

आता श्यामकांत तोंड लपवून बसला असेल, असं कुणालाही वाटेल. छे! महिन्याभरात नायमेखन शहरातल्या मराठी ग्रुपवर जाहिरात फिरली. वर पद्मजाच्या बश्यांचा फोटो, खाली ओळ: 'वाखनिंगनच्या शास्त्रज्ञांनी प्रमाणित केलेली सिद्धमृत्तिका.' पद्मजा सुन्न झाली. आपण केलेला खुलासाच त्याने विकायला काढला होता.

"मला तिथे ने," नंदाताई म्हणाल्या.

नायमेखनच्या सभागृहात चाकाची खुर्ची आशुतोषने ढकलली. श्यामकांत नुकताच "मी श्रद्धा मागत नाही" इथवर आला होता. त्यांना बघून त्याचा चेहरा पडला. पद्मजा उभी राहिली, फोटोतल्या बश्या खऱ्या कशाच्या आहेत ते तिने सांगितलं, दुसऱ्या बशीतली माती भाजलेली असते तेही सांगितलं. लोकांनी ऐकलं, पण निम्मे चुळबुळ करत होते. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दोन्ही बाजू असू शकतात ना."

"असू शकतात की," नंदाताई म्हणाल्या आणि पायावरची शाल बाजूला केली. "माझी ही एक बाजू आहे."

कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही सगळी माझ्याहून शिकलेली माणसं. मी तुम्हाला काय शिकवणार? देव मानायचा तर माना, मीही मानते. पण कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला खोदून खोदून विचारा. माती कुठली, तिचं काय केलंत, दुसऱ्याच्या हातून होतं का. खरं असेल तर ते विचारल्याने मरत नाही. डॉक्टरचा राग आला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, भांडा, पुन्हा जा. मी भांडले नाही, मी रुसले. देव नाही कोपला हो माझ्यावर. मी विचारलं नाही, म्हणून पाय गेला."

पहिल्या रांगेत एक तरुण बाई होती. मांडीवर दोन वर्षांचं मूल, त्याच्या कानाला कापूस, कापसावर पिवळा डाग. तिच्या मुठीत मातीची पुडी होती.

नंदाताईंनी खुर्ची तिच्यापुढे न्यायला लावली. "कान फुटलाय ना याचा? डॉक्टरकडे गेली होतीस?"

"गेले होते. म्हणाले, थांबा, बरा नाही झाला तर परत या."

"मग बरा झाला का?"

बाईने मान हलवली. नाही.

"मग परत जा ना, बाळा. आजच जा."

"ताई, उगाच घाबरवू नका त्यांना," श्यामकांत म्हणाला. कुणीही त्याच्याकडे वळून बघितलं नाही. सगळे त्या बाईकडे बघत होते. तिने पुडी आपल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, मुलाला खांद्यावर घेतलं आणि दाराकडे चालू लागली.