देवाकडून उसनी घेतलेली वाटी

मी वाटी आहे. वाटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आमटीची वाटी आली असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. मी तिच्या पोटात बसेन एवढीशी. तीन बोटांत उचलावी, सहा चमचे दूध घातलं की काठाला लागावं, एवढाच माझा जीव. पण माझ्यावर एक माणूस जगला आहे, म्हणून बोलायचं धाडस करतेय.

माझा जन्म दुधनी गावचा. एका तांबटाने घागर घडवली आणि उरलेल्या पितळी पत्र्याच्या तुकड्यातून मला ठोकून काढलं. लेकीचं लग्न ठरलेला एक बाप भांडी घ्यायला आला होता. सगळं घेऊन झाल्यावर त्याने मला उचललं. "ही नीलम्माच्या देवाला," म्हणाला. अशी मी नीलम्माबरोबर सोलापूरला, भवानी पेठेत आले आणि देवघराच्या कोनाड्यात बसले. रोज सकाळी विभूती, बेल, दिवा, आणि माझ्यात दूधसाखर. देव जेवला की ते दूध घरात वाटलं जाई. दुसरं काम नाही. माझ्यासारखी सुखी वाटी पेठेत नसेल.

कोनाड्यातून स्वयंपाकघर समोर दिसायचं. तिथे नीलम्माचे यजमान रुद्रप्पा जेवायला बसले की बघत राहावं. चादरीच्या कारखान्यात ते मागावर होते. धिप्पाड देह, मोठा आवाज आणि भूक त्याहून मोठी. नीलम्मा भाकरी थापायची, सासूबाई संगव्वा वाढायच्या, आणि रुद्रप्पा शेंगाचटणी नि दह्याबरोबर आठ भाकऱ्या संपवून, "अव्वा, अजून एक हाय का?" म्हणून विचारायचे. संगव्वा तृप्त व्हायच्या. त्यांच्या लेखी लेकाचं जेवण हाच लेकाचा गुण.

कारखान्यातला त्यांचा जोडीदार येडू नेहमी म्हणायचा, "वहिनी, ह्यो पंगतीत बसला की मी पुढल्या पंगतीला बसतो. ह्याच्या पल्याड जिलबी पोचतच न्हाय की!"

या घराची एक रीत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ताटात आलेलं अन्न म्हणजे प्रसाद. शीतसुद्धा टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटाने पुसून घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. ताट असं निघायचं की घासणारीला काम उरू नये. रुद्रप्पांनी जन्मात पानात काही टाकलं नव्हतं.

मग चौऱ्याहत्तर साल आलं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, ती उठली त्याच आठवड्यात रुद्रप्पा मागावरच रक्त ओकले. पोटात कधीपासून जखम होती आणि ते ती सोडा पिऊन दाबत होते. दवाखान्यात नेलं, पोट उघडलं. डॉक्टर म्हणाले, पोटाची पिशवी पाऊण काढावी लागली, पाव राहिली.

त्या दिवशी दवाखान्यातून नीलम्मा तशीच सिद्धेश्वराच्या देवळात गेली. तिथे ती काय बोलली ते तिने घरी येऊन मला ऐकू येईल असं, देवासमोर पुन्हा म्हटलं. "देवा, ह्यांना घरी आण. तुझ्या नावाचं भरलं पान वाढीन, पुरणपोळीसकट. ह्यांच्या हातानं ते पान पुरं करवीन. शीत उरू देणार न्हाय." बिचारीला वाटलं, माणूस बरा झाला म्हणजे जेवायला लागला. भरलं पान संपवतील ते रुद्रप्पा, एवढंच तिला ठाऊक होतं.

रुद्रप्पा घरी आले ते दुसरेच कोणी वाटले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका वेळी लहान वाटीभर, त्याहून घास जास्त नको. दिवसातून सहा वेळा. सावकाश, चावून चावून. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने प्यायचं. गोड तर अगदी जपून.

नीलम्माने घरातल्या वाट्या मांडल्या. सगळ्या रुद्रप्पांच्या मापाच्या. मग ती देवघरापाशी आली, हात जोडले आणि मला उचललं.

संगव्वा ओरडल्याच. "अगं, देवाची वाटी! उष्टी करतीस?"

"आत्याबाई, उसनी घेतलीय. देवाला विचारून घेतलीय."

"आनि देव कशात खाणार?"

"त्यो ताटलीत खाईल. त्याचं पोट धडधाकट हाय की!"

संगव्वा दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. नीलम्माने मला कल्हई करून आणली आणि माझा नवा संसार सुरू झाला.

खरं सांगते, मला आधी अपमान वाटला. कुठे देवाची दूधसाखर आणि कुठे मऊ भात, मुगाचं वरण! पण पहिल्या दिवशी रुद्रप्पांनी मला त्या भल्यामोठ्या तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते. "एवढंच?" म्हणाले. तेव्हा माझा अपमान कुठल्या कुठे गेला. म्हटलं, बाबा रे, आहे मी. सहा वेळा येईन, पण येईन.

जेवायला शिकणं सोपं नव्हतं. दोन घासांत संपणारी मी, मला संपवायला त्यांना वीस मिनिटं लागू लागली. एक घास, तीसदा चावायचा. मध्येच ते विसरून गिळायचे आणि छातीवर हात ठेवून बसायचे. घरची रीत तर सुटेना. मी रिकामी झाले की माझ्यात पाणी घालायचे, बोटाने पुसायचे, पण प्यायची तर बंदी! मग अर्धा तास मला हातात धरून बसायचे, देवळात तीर्थ घेऊन थांबल्यासारखे. घरात घड्याळ नव्हतं. वाटीवरून रुसलेल्या संगव्वाच एक दिवस रुद्राक्षाची माळ घेऊन शेजारी बसल्या. त्यांच्या तीन माळा म्हणजे अर्धा तास. तिसरी माळ संपली की त्या म्हणायच्या, "पी आता, लेकरा."

दोन महिन्यांनी रुद्रप्पा कारखान्यात जाऊ लागले. मीही फडक्यात बांधून जाऊ लागले. पहिल्याच दिवशी येडूने फडकं सोडलं आणि मला उचलून उजेडात धरलं.

"रुद्रप्पा, ह्यो डबा हाय का अत्तराची कुपी?"

सगळे हसले. रुद्रप्पा हसले नाहीत. पेठेत लोक विचारायचेच, "कोण रे तू? रुद्रप्पाचा धाकटा भाऊ काय?" रुद्रप्पांचं नाव निघायचं ते जेवणावरून, आणि जेवणच गेलं. येडूला ते कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो आपली भाकरी घेऊन शेजारी बसायचा आणि रुद्रप्पांचा घास चावून होईपर्यंत आपलाही तोंडात घोळवायचा. "तुझ्या नादानं माझी बायको म्हनती, आता तुमी मानसासारखं जेवताय," असं म्हणून त्याने एकदा त्यांना हसवलंच.

आणि मग बसवजयंती आली.

त्या दिवशी घरात हुग्गी करतात, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. नीलम्मा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. संगव्वांना लेकाची हाडं बघवेनात. त्यांनी मोठं ताट घेतलं, हुग्गी वाढली, वर तूप सोडलं. "एक दिस खाल्लं तर काय हुतंय? बसवेश्वराचा परसाद हाय."

रुद्रप्पांनी तीन घास खाल्ले आणि थांबले. मला कोनाड्याखाली पालथी ठेवली होती, तरी कळत होतं, ते थांबले. पण ताटात प्रसाद होता. तो टाकायचा कसा? त्यांनी सगळं ताट संपवलं, धुऊन प्याले. आणि उठता उठता भिंतीला धरून खाली बसले. अंगाला दरदरून घाम, काळीज धडधड, ओठ पांढरे. संगव्वा पंख्याने वारा घालत रडत होत्या. "टाकायचं हुतंस की रे मग!"

"तुज्या हातचं कसं टाकू, अव्वा?"

नीलम्मा आली तेव्हा ते आडवे पडले होते. संध्याकाळी बरं वाटलं. पण नीलम्मा देवघरासमोर बसली ती उठेना. संगव्वांनी विचारलं तेव्हा तिने नवस सांगितला. भरलं पान, पुरणपोळीसकट, शीत न टाकता.

संगव्वांनी कपाळाला हात लावला. एका हुग्गीने ही गत, तर भरल्या पानाने काय होईल? आणि नवस फेडला नाही तर?

"मी खातो," रुद्रप्पा पडल्या पडल्या म्हणाले. "देवानं जीव दिला, त्याचं पान ठेवू काय?"

"गप बसा तुमी," नीलम्मा म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्यावर अशी ओरडली.

पुढचे महिने ती दर सोमवारी सिद्धेश्वराला जायची. काय मागायची, मला काय ठाऊक! आषाढ संपत आला तशी एका सोमवारी ती पळसाची एक पत्रावळ घेऊन आली. चेहरा असा, जणू कुणी कानात काही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सगळा स्वयंपाक केला आणि भरलं पान वाढलं. मग एकेक पदार्थ माझ्यात भरून मापू लागली. चटणी एक वाटी, कोशिंबीर एक, पालेभाजी चार, उसळ तीन, भात आठ, वरण पाच, दही तीन, कुस्करलेली पुरणपोळी चार. एकोणतीस वाट्या झाल्या. ते पान मग सासूसुनांनी आणि येडूने संपवलं.

"आत्याबाई, श्रावणभर रोज सकाळी एक वाटी ह्या पानावर. बाकीच्या पाच वाट्या रोजच्यासारख्या. म्हैना भरला की पान पुरं."

"म्हैनाभर एक पान? असं कुटं असतंय?"

"देवाला घाई हाय का, आत्याबाई? आपल्यालाच असती."

संगव्वांनी विचार केला. "पत्रावळ मातुर हालवायची न्हाय," म्हणाल्या. म्हणजे झालंच.

असा तो श्रावण. देवासमोर पाटावर पत्रावळ, आणि मी रोज तिच्यावर पदार्थाच्या जागी. चटणीचा दिवस आला तेव्हा मी डावीकडे होते, भाजीचे दिवस उजवीकडे, भाताला मधोमध. ताजं करायचं, ताजं वाढायचं. ती चटणीसुद्धा बिनतिखटाची, दह्यात कालवलेली. रुद्रप्पा जेवले, मला धुऊन प्याले, की नीलम्मा माझ्या जागी पानावर विभूतीचं एक बोट लावायची. हळूहळू पान भरत गेलं. लोकांचं पान जेवता जेवता रिकामं होतं, आमचं भरत होतं.

शेवटचे चार दिवस पुरणाचे. त्यांत नीलम्मा गूळ नावाला घालायची. तीन दिवस निभावले. शेवटच्या दिवशी मात्र संगव्वा म्हणाल्या, "आज तरी देवाला गोड लागू दे गं." नीलम्माने एक गुळाचा खडा जास्त घातला आणि डबा लगेच झाकून टाकला.

रुद्रप्पा पाटावर बसले. येडू दाराशी उभा, टोपी हातात. पहिला घास. सगळे त्यांच्या कपाळाकडे बघतायत, घाम येतो का म्हणून. चावणं काही संपेना. दुसरा घास. तिसरा. येडू हळूच म्हणाला, "गड्या, पुरनाला बी तीस वेळा चावतोस? त्ये काय भाकरीय?"

"गप," रुद्रप्पा म्हणाले, "लई दिसांनी भेटलंय."

मी रिकामी झाले. त्यांनी माझ्यात पाणी घातलं, बोटाने पुसलं आणि मला धरून बसले. संगव्वांनी माळ घेतली. पहिली माळ झाली. दुसरी. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ओठ चालत होते. मध्येच थांबल्या.

"नीलम्मा, दुसरी झाली का तिसरी गं?"

नीलम्माला कुठलं माहीत! ती कपाळाकडेच बघत होती. संगव्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तास होत आला असेल. रुद्रप्पांच्या कपाळावर विभूती होती, तशीच कोरडी. मी तळहातावर होते ना, मला त्यांची नाडी कळत होती. एका संथ लयीत चालली होती, चांगल्या मागासारखी.

"पी, लेकरा."

ते प्याले. नीलम्माने पानावर एकोणतिसावं बोट टेकवलं आणि तिथेच डोकं टेकलं.

मग तिने मला चिंचेने घासलं, लख्ख केलं. उसनी घेतलेली वस्तू परत करायची होती. मला कोनाड्यात ठेवून, पूर्वीसारखी दूधसाखर माझ्यात घालून तिने हात जोडले. संगव्वा मागे उभ्या होत्या. उष्टी करतीस म्हणून ओरडल्या होत्या त्याच संगव्वा. त्यांनी देवाला दूध दाखवू दिलं आणि मला उचलून लेकाच्या हातात दिलं.

"परत कशाला? आधी त्याला दाखवायचं, मग ह्याला द्यायचं. दोघं जेवतील एकाच वाटीत."

त्याला आता चार वर्षं झाली. आमच्या घरचा देव दिवसातून सहा वेळा जेवतो, असा देव पेठेत दुसरा नाही. माझी कल्हई तीनदा झाली, काठाला एक पोचा आला, तो येडूच्या हातून. रुद्रप्पांच्या अंगाला थोडं मांस धरलं आहे. मागावर आवाज पूर्वीसारखाच मोठा आहे. भरलं ताट समोरून गेलं की अजून त्यांची मान वळते. वळू द्यावी. मान वळली म्हणून काही होत नाही.

एवढंच मागते तुमच्याकडे. पंगतीत कुणी पानावर हात आडवा धरला, तर त्याला आग्रह करू नका. त्याच्या घरी माझ्यासारखी एखादी वाट बघत असेल. आणि तुम्ही स्वतः कुणासाठी नवस बोलाल तेव्हा भरभरून बोला. फेडताना मात्र वाटीवाटीने फेडा.

जाते आता. तिसरी माळ संपत आलीय, आणि रुद्रप्पा मला धरून बसलेत.