सतरा क्रमांकाचा झरा

फलकाच्या डाव्या कोपऱ्यावर एक बारीक चरा होता, नखाने ओढल्यासारखा, आणि दुपारपासून तिचा अंगठा त्यावरून फिरत होता. पांढऱ्या प्लास्टिकचा वीतभर फलक. त्यावर तिचं नाव नव्हतं, देशाचं होतं. बोलायचं असलं की आडवा फलक उभा करायचा, एवढंच. मग अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणार, नोंद करणार, आणि समोरच्या माईकचा लाल दिवा लागणार. हात वर करायची इथे पद्धत नव्हती. हात माणसाचा असतो...

कानातल्या यंत्रात दुभाष्याचा आवाज, एकसुरी, जरा सर्दी झालेला. जगातले उरलेसुरले जीव वाचवायचे तर पैसे कोणी द्यायचे, यावर नऊ दिवस बोलणं चाललं होतं. देणारे म्हणत होते, आधी मोजणी दाखवा. मागणारे म्हणत होते, मोजायलाच तर पैसे हवेत. आता कुठे त्यातून एक यादी निघाली होती – तिच्या देशातल्या एकसष्ट पाणथळ जागांना पहिली मदत. मूळ यादी चौसष्टांची. गेल्या मोजणीत जिथे शून्य आलं त्या तीन जागा नियमाप्रमाणे सकाळीच वगळल्या गेल्या. त्यांतला एक सतरा क्रमांकाचा झरा.

ते शून्य मी लिहिलं, ती मनात म्हणाली.

रुग्णालयाच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप ठेवून. आत आईचं खुब्याचं हाड जोडत होते, आणि झऱ्याचं पाणी सगळ्यात खाली जातं ते दहा दिवस – वर्षातून तेवढेच, ज्यांत दगड उचलून खालच्या गोगलगायी मोजता येतात – ते निघून चालले होते. तक्ता पाठवायची शेवटची तारीख तीच. रकाना रिकामा सोडला की भोवती लाल चौकट यायची आणि तक्ता पुढे सरकायचा नाही. पुन्हा लाल चौकट. नर्सने तिला हाक मारली, आणि तिने शून्य दाबलं. ते लगेच गेलं, कुरकुर न करता... शेरा नंतर लिहू, असं ठरवलं होतं. नंतर आईचा वॉकर आला, गोळ्यांच्या वेळा आल्या. बावीस वर्षं ती विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट घोकून घेत होती – न पाहिलेलं आणि नसलेलं यांत गल्लत करायची नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने शिष्टमंडळाच्या प्रमुखांना सगळं सांगितलं होतं. ते काटा हातात धरून तसेच थांबले.

“अहो बाई, हे आज सांगताय?”

“यादीत आज सकाळी पाहिलं. मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल.”

“कोण विचारणार? शून्याबद्दल कोणी काही विचारत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता एक आकडा खोटा म्हटलात, की समोरचे म्हणणार, बाकीचे कशावरून खरे? त्यांना निमित्तच हवंय. अख्खी यादी पुढच्या बैठकीवर. म्हणजे दोन वर्षं. एकसष्ट जागा, बाई.”

“पण झऱ्याचं कुंपण जाईल. पाण्यावरचा हक्क जाईल. वरच्या अंगाला पाणी उपसायला टपलेल्यांनी पंप बसवून ठेवलाय, चार वर्षं वाट बघतायत.”

“ती गोगलगाय केवढी असते म्हणालात?”

“तिळाएवढी.”

त्यांनी काटा ताटात ठेवला. उठून तिच्यासाठी कॉफी घेऊन आले, साखर न घालता, तिला लागते तशी. ते वाईट असते तर बरं झालं असतं. “दुपारी पुढच्या खुर्चीवर तुम्ही बसा,” ते म्हणाले. “फलक तुमच्यासमोर राहील. मी मागे आहे.”

तेवढ्यात आईचा फोन.

“जेवलीस का गं?”

“जेवले. तू?”

“माझं काय, मी पडूनच. देतायत का पैसे?”

“‘नाही’ कोणीच म्हणत नाहीये. ‘हो’ही कोणी म्हणत नाहीये.”

“म्हणजे आपल्या लिफ्टच्या दुरुस्तीसारखंच की. नुसत्या मीटिंगा!” आई स्वतःच हसली, मग खोकली. “आणि आमच्या तिळ्या? त्या आहेत ना यादीत?”

गोगलगायींना हे नाव आईनेच ठेवलेलं. आधी सवत म्हणायची त्यांना – माझ्यापेक्षा जास्त वेळ मिळतो मेल्यांना.

“आहेत,” ती म्हणाली.

...आता अध्यक्षबाई पानं उलटत होत्या. “परिशिष्ट तीन, एकसष्ट जागा,” दुभाष्या म्हणाला, आणि नाक ओढल्याचा आवाजही त्याने इमानाने कानात पोचवला. “कोणाची हरकत?”

अध्यक्षबाईंची नजर डावीकडून निघाली, एकेका फलकावरून, सावकाश. तिच्यापर्यंत यायला वीस-एक फलक होते. अंगठा चऱ्यावर. मनगट जरासं वळवायचं, बस... कदाचित कोणी खांदे उडवून म्हणेलही, ठीक आहे, एक आकडा दुरुस्त करू. कदाचित एकसष्ट कुंपणं एका तिळासाठी पडतील. हे तोलायला काटा कुठला आणायचा? तिने डोळे मिटले आणि नेहमीसारखी मनाने झऱ्यात उतरली – पोटऱ्यांना गार पाणी, पांढरा ट्रे काठावर, डाव्या हाताला तो चपटा दगड, ज्याच्या खाली त्या नेहमी सापडतात, आंधळ्या, काचेसारख्या, उजेड लागला काय नि न लागला काय. दगड उचलला. खालची बाजू वर केली.

स्वच्छ. एकही नाही.

आणि तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. नसतीलच तर शून्य खरंच होतं; मग मी खोटं लिहिलं नव्हतं, आईला तेवढं... तिने घाईने दुसरा दगड उचलला, एक तरी दिसावी म्हणून, आणि तिला कळलं की ती दिसावी म्हणून उचलत नाहीये. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती दगडाखाली बघत होती आणि काही नसू दे, काही नसू दे, असं म्हणत होती.

डोळे उघडले तेव्हा अध्यक्षबाईंची नजर तिच्या आधीच्या चौथ्या फलकापर्यंत आली होती. फलक अजून आडवाच होता; प्लास्टिक तिच्या हाताने कोमट झालं होतं.