मगरीवरची चीर

इलुंगा म्हाताऱ्याने पहिली जर्सी उलगडली, छातीच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि असा काही ओरडला की मिल्काच्या हातातली कात्री टेबलाखाली गेली.

"अहो, काय झालं यांना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय ठाऊक? व्हॅनमध्ये तर मस्त हसत होता," निसीम म्हणाला.

निसीम लाँड्रीची व्हॅन चालवायचा. आफ्रिकेतल्या झाईरहून खेळायला आलेल्या न्गांडो क्लबच्या जर्सींचं पोतं हॉटेलवरून त्यानेच आणलं होतं, आणि त्या परत न्यायला संघाचं सामान सांभाळणाऱ्या या म्हाताऱ्याला आज तोच घेऊन आला होता. म्हाताऱ्याने दुसरी जर्सी उलगडली, मग तिसरी. प्रत्येकीवर तेच, डावीकडे अंगठा. शेवटी तो जर्सींच्या ढिगाशेजारी फरशीवरच बसला आणि कपाळ गुडघ्यांना टेकवलं.

मिल्का चेऊलकरच्या रफूला मँचेस्टरच्या त्या लाँड्रीत मोठा मान होता. मॅनेजरच्या कोटाला सिगारेटने पडलेलं भोक तिने असं बुजवलं होतं, की खुद्द त्याच्या बायकोलाही पत्ता लागला नाही, आणि त्या बाईच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. मिल्का कामाला वाघ होती. फाटकं दिसलं की तिला चैनच पडायचं नाही. हिरव्या जर्सी, त्यावर छातीशी पांढरी मगर, आणि मगरीच्या वर वीतभर चीर. तिला तर त्या पोरांची दयाच आली होती. धुऊन द्या एवढंच काम होतं, रफू तिने आपणहून केलं. सरकारच्या हुकमाने त्या हिवाळ्यात आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. मशीन बंद, इस्त्री बंद, म्हणून सगळ्याच्या सगळ्या अकरा जर्सी तिने खिडकीपाशी बसून हाताने केल्या होत्या. आणि कौतुकाचं राहू दे, हा माणूस रडत होता!

म्हाताऱ्याबरोबर मबुयी नावाचा दुभाषा आला होता. तो भिंतीला टेकून हे सगळं पाहत होता. आता तो इंग्रजीत बोलू लागला, हळूहळू, शब्द निवडून.

"आमचा क्लब नदीच्या धक्क्यावरच्या हमालांनी काढला. पहिल्या जर्सी धान्याच्या पोत्यांच्या होत्या. त्या मोसेंगोने शिवल्या. तोही हमालच. पुढे तोच आमचा कोच झाला. आमच्या आजोबांना त्याने खेळायला शिकवलं, मग बापांना, मग आम्हाला. सगळे त्याला बाबाच म्हणत. तो डिसेंबरात गेला."

"सॉरी," निसीम पुटपुटला.

"आमच्या क्लबात बापासारखा माणूस गेला की त्याच्या कबरीपाशी प्रत्येक खेळाडू आपली जर्सी आपल्या हाताने फाडतो. इथे, काळजावर. मग ती अंगावरून गळून पडेपर्यंत तीच घालून खेळायचं. ती चीर कधी शिवत नाहीत. बाबा गेल्यानंतरची पहिली मॅच आज दुपारी आहे, इथे, तुमच्या गावात. आणि तुम्ही ती शिवून टाकलीत."

मिल्काचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या छातीकडे गेला. तिथे, ओव्हरऑलच्या आत, करड्या कार्डिगनवर चार वेडेवाकडे पांढरे टाके होते.

मिल्का बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याहून तिचे बाबा गेल्याची तार आली, तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने हेच कार्डिगन डाव्या बाजूला हाताने फाडलं होतं. त्यांच्यात तसंच असतं. आईबापासाठी फाडलेलं पुन्हा नीट शिवायचं नाही. अंग दिसू नये म्हणून पुढे चार ओबडधोबड टाके घालायचे, बस. दुसऱ्यांच्या कपड्यांवर आपला जीव ओतणारी मिल्का ते टाके रोज अंगावर वागवत होती. आणि अकरा जर्सी एकाच जागी फाटलेल्या पाहून ती निसीमला काय म्हणाली होती? "नेमकं इथेच धरून ओढतात वाटतं मेले!"

"अहो, मला कळलं कसं नाही? मला?" ती म्हणाली. "माझ्या अंगावर आहे ना तेच!"

"तुला काय, चिंधी दिसली की सुई," निसीम म्हणाला. एरवी यावर ती भांडली असती.

तिने ओव्हरऑलची बटणं काढली आणि इलुंगासमोर गुडघ्यांवर बसली. "माय फादर," ती म्हणाली आणि त्या टाक्यांवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्याने मान वर केली. तो कितीतरी वेळ त्या टाक्यांकडे बघत राहिला. मग त्याने टेबलाखालची कात्री काढून तिच्या हातात दिली आणि मबुयीला काहीतरी सांगितलं.

"तो म्हणतो, तुमचा धागा काढा. आमचा एकही तुटता कामा नये. नवी चीर चालत नाही, तीच पाहिजे."

झालं! करायला गेलं एक आणि झालं भलतंच. तिने काम इतकं बेमालूम केलं होतं, की आता तिचं तिलाच ओळखू येईना. खिडकीतून येणारा उजेड मळकट, मॅच दुपारची, कारण मैदानातले दिवे लावायलाही बंदी. इलुंगा कापड ताणून धरायचा, मिल्का बोटांनी चाचपत आपला धागा शोधायची, आणि एक एक टाका सोडवायची. आयुष्यात इतकं सुंदर रफू तिने केलं नव्हतं, आणि ते ती स्वतःच्या हाताने उसवत होती. मधेच तिचे डोळे भरून आले, तर म्हाताऱ्याने कापड तसंच धरून ठेवलं आणि ती डोळे पुसेपर्यंत थांबला. शेवटची जर्सी झाली तेव्हा निसीमने व्हॅन सुरूच ठेवली होती.

न्गांडोचे खेळाडू मैदानात आले, तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वारा सुटला आणि अकराच्या अकरा छातीवरच्या चिरा उघडल्या. लोक हसू लागले. सुईदोरा हवाय का, म्हणून कुणीतरी ओरडलं. खेळाडूंनी तिकडे पाहिलंही नाही. ते ओळीत उभे राहिले, इलुंगा त्यांच्या टोकाला.

लाँड्रीतली डोरीन प्रेक्षकांत मिल्काच्या शेजारीच होती. तिने तोंडावर हात ठेवला. "शॉकिंग! अगं मिल्का, या जर्सी आपल्याकडेच आल्या होत्या ना? कुणी केलं हे असलं काम?"

"मी," मिल्का म्हणाली. "मीच केलं."

आणि एवढ्या थंडीत ओव्हरकोटाची वरची बटणं काढून ती तशीच उभी राहिली.