समुद्रातला कालवा

२००६ सालच्या मार्चात शिवहार पोरगी पाहायला कुरुंद्याला आला. सेनगावचा पोरगा, आयटीआय झालेला, पण नोकरीला पार तामिळनाडूच्या किनाऱ्यावर. पोरगी मोहिनी, शेळ्या-मेंढरं राखणाऱ्या नामाजीची. स्थळ आणलं होतं शेजारच्या खाजा मियांनी. हळदीच्या व्यापारामुळं त्यांच्या ओळखी गावोगाव.

पोहे झाले. शिवहारनं मोहिनीकडं दोनतीनदा चोरून पाहिलं. मोहिनीनं एकदाच, पण नीट पाहून घेतलं. तेवढ्यात नामाजीनं विचारलं, "पाव्हणे, तिकडं काम नेमकं काय करता?"

"समुद्रात कालवा खोदून राहिलो."

नामाजीची कपबशी हातातच थांबली. "समुद्रात? तिथं पाणी न्हाई का?"

"लई हाय."

"मंग कालवा काहून?"

शिवहार समजावू लागला. "आपल्या अन् लंकेच्या मधात समुद्र उथळ हाय. मोठ्या जहाजाचं पोट खाली टेकते. म्हणून जहाजाला सगळ्या लंकेला वळसा घालावा लागते. आमी यंत्रानं तळचा गाळ काढून वाट करून राहिलो."

"उथळ म्हंजे किती?"

"एखाद्या जागी तर माणूस उभा राहील."

नामाजीला हसू आवरेना. "समुद्रात माणूस उभा! खाजाभाई, तुमी स्थळ आणलं का बहुरूपी?"

शिवहारचे मामा किशनराव ताडकन उठले. "आमच्या भाच्याला खोटं ठरवता व्हय? चल रे!" आणि पाहुण्यांची जीप धुरळा उडवत निघून गेली.

मोहिनी रडली नाही. रिकाम्या बशा गोळा करत ती बापाला म्हणाली, "बाबा, जहाज अडकते का न्हाई, डोळ्यानं पाहू. अडकलं तर तुमी पाव्हण्याच्या मामाची माफी मागायची."

"कुरुंद्यात समुद्र हाय का?"

"तळं हाय. अन् खाजाचाचाची कढई हाय."

हळद शिजवायची ती लोखंडी कढई म्हणजे चार माणसं आत बसतील एवढी. खाजा मिया लगेच तयार झाले. कालवा झाला की आपली हळद झटक्यात कलकत्त्याला पोचेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यांची हळद ट्रकनं सांगलीला जायची, ही गोष्ट त्यांनी आड येऊ दिली नाही. त्यांनी सेनगावला फोन लावला. किशनराव आधी ऐकेनात, मग म्हणाले, "नामाजी स्वतः जहाजात बसणार असंल, तर येतो."

रविवारी अर्धं गाव तळ्यावर लोटलं. उन्हाळ्यानं तळं आटत आलं होतं. दोन्ही बाजूंना पाणी, मधे गाळ साचून जेमतेम घोटाभर. दोर लावून कढई पाण्यात सोडली. धोतर सावरत नामाजी आत बसला, सोबत हळदीची दोन पोती. शिवहार कमरेइतक्या पाण्यात उतरून मागून ढकलू लागला.

गोल कढई सरळ जाईल तर शपथ. ती गरागरा फिरायला लागली. नामाजीला बाभळ दिसली, मग गाव दिसलं, मग बायको नीलाबाई पदर तोंडाला लावून हसताना दिसली, मग पुन्हा बाभळ.

"अरे थांबवा! मळमळून राहिलं!"

खर्रर्र आवाज झाला आणि कढई मधोमध थांबली.

काठावरून किशनराव ओरडले, "काय हो, टेकलं का पोट?"

"दगड असंल एखादा," नामाजी म्हणाला. शिवहारनं सगळा जोर लावला. कढई तसूभर हलेना.

"मामंजी, मागं फिरून काठाकाठानं वळसा घालू का?" शिवहारनं नामाजीला विचारलं.

अजून तेवढंच गरगरायचं म्हटल्यावर नामाजीनं कढईचा काठ घट्ट धरला. "न्हाई! वळसा नको! खोद बाबा, इथंच खोद!"

काठावर टाळ्या पडल्या. मोहिनी ओढणी खोचून फावडं घेऊन पाण्यात उतरली. दोघं गाळ उपसायला लागले. तिच्या फावड्याचा चिखल त्याच्या नाकावर उडाला. ती हसली, तो हसला, आणि पुढचा गाळ दोघांनी फारच सावकाश काढला. नामाजी कढईत बसून पाहत राहिला. जहाजात आपण बसलोय, हे दोघंही विसरलेत, हे त्याच्या ध्यानात आलं.

"तुमचं आटपलं असंल तर मला काठाला लावा," तो हळूच म्हणाला.

वाट झाली, कढई पार गेली. काठावर येताच नामाजीनं किशनरावांपुढं हात जोडले. "चुकलं आमचं."

"समुद्र पाहिला. आता जेवायला वाढा," किशनराव म्हणाले.

मे महिन्यात लग्न झालं. पुढच्या वर्षी तो कालवा कोर्टकचेरीत अडकला, काम बंद पडलं. शिवहार काही दिवस सेनगावी मामाच्या कापसात राबला. मग ओडिशातल्या एका बंदरात गाळ काढायच्या जहाजावर त्याला जागा मिळाली आणि मोहिनीही सोबत गेली.

खाजा मियांच्या मोबाईलवर तिचा पहिला फोन आला, तेव्हा नामाजीनं आधी विचारलं, "तिथं शेरडं हायेत का गं?"

"हायेत बाबा. किनाऱ्यावर हिंडतेत. वाळलेली मासळी खातेत."

नामाजी फोन परत देऊन ओट्यावर टेकला. मग खाजा मियांना म्हणाला, "नांदेडहून तिकडं गाडी कोणती जाते हो? अशी शेळी जनमात पाहिली न्हाई."