भिंगाची ऊब

सदतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेल्या माणसाला सगळे टर्नरकाका म्हणत. निवृत्तीनंतरही ते नाव सुटलं नाही, आणि हाताची खुमखुमीही. त्यामुळे मुलीनं चहाच्या वेळी आपलं गाऱ्हाणं मांडलं तेव्हा त्यांचे कान टवकारले.

मुलगी इस्पितळात नर्स होती. सुट्टी मिळाली की टेकडीवर जाऊन रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायची.

"तासभर सगळं झकास असतं, बाबा. मग लेन्स गार पडते, भिंगावर दव धरतं आणि पुढचे सगळे फोटो धुरकट. पुसायला जावं तर कॅमेरा हलतो. लेन्स गरम ठेवायचा पट्टा मिळतो बाजारात, बघते आता."

"बाजारात कशाला? बाप मेलाय का तुझा?"

"शुभ बोला हो!" आतून बायको ओरडली.

काकांनी लेन्सचं माप घेतलं. अडगळीतून अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा काढला, उभा चिरून दोन अर्धी कडी केली, एका बाजूला बिजागरी बसवली, दुसऱ्या बाजूला पिळायचा स्क्रू. लेन्सला मिठी मारेल असा क्लॅम्प झाला. आता आतून तांदळाएवढे आठ रेझिस्टर सोल्डरिंग गननं डाख देऊन जोडायचे, म्हणजे मोबाइलच्या पॉवर बँकेवर ते कोमट होणार आणि भिंगाला ऊब देणार. काम तासाभराचं.

त्यात चार दिवस गेले, तरी होईना. काका मागच्या खोलीचं दार लावून बसत. "आज डोळे चुरचुरतायत", "आज उजेड नाही" अशी रोज नवी सबब. पाचव्या दिवशी बायको न विचारताच आत आली. टेबलावर जळके रेझिस्टर, तारांचा गुंता, आणि काकांच्या अंगठ्यावर टपोरा फोड.

"डाख नीट धरत नाहीये," काका पुटपुटले. "माल भिकार आहे."

"माल चांगला आहे. हात कापतोय तुमचा."

काकांनी हात मांडीखाली दाबून धरला.

"सहा महिने झाले, मी तुमचा कप अर्धाच भरतेय. लक्षात आलं का कधी?"

आलं नव्हतं. एवढा मोठा कारागीर, मायक्रॉनच्या गोष्टी करणारा, आणि समोरचा कप अर्धा आहे हे दिसलं नव्हतं. त्यांनी सगळ्या घरापासून लपवलेली गोष्ट तिनं एकटीनं, न बोलता, सांभाळली होती.

"सरका तिकडे," बायको खुर्ची ओढत म्हणाली. जन्मभर शिलाई केलेली बाई, सुईत दोरा ओवणारी बोटं. "सांगा, काय कुठे लावायचं?"

"आधी तार तापव, मग डाख लाव. डाख तापवू नकोस. अगं, सोल्डरिंग गन आहे ती, इस्त्री नाहीये, दाबतेस काय?"

"ओरडू नका, नाहीतर उठते."

तिसऱ्या सांध्यापासून तिचा हात बसला. काका वाचायचं भिंग सांध्यावर धरून सांगत होते, ती करत होती. संध्याकाळी त्यांनी फ्रिजमधून काचेच्या दोन बरण्या काढल्या. दोन्हींवर दव धरलं. एकीला क्लॅम्प लावला. दहा मिनिटांत तिची काच लख्ख झाली, दुसरी तशीच घामेजलेली. दोघं लहान पोरांसारखी हसली.

मुलीनं क्लॅम्प उलटसुलट करून पाहिला. "बाबा, हे सांधे तुमचे नाहीत. तुमचा डाख जाडजूड असतो."

बायकोनं काकांकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि सगळं सांगितलं. कोणता रोग निघेल या धास्तीनं गप्प बसलो होतो, हेही सांगितलं. मुलीनं हात तळव्यावर घेतला, बराच वेळ पाहिला. रागावली नाही. "उद्या सकाळी नऊला माझ्याबरोबर यायचं," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं. काकांना वाटत होतं तो आजार नव्हता. वयाबरोबर वाढणारा कंप होता. गोळीनं कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकांना तेवढंही पुष्कळ होतं.

पुढच्या अमावास्येला मुलीनं दोघांनाही टेकडीवर नेलं. गवत ओलंचिंब झालं, गाडीच्या टपावरून पाणी ओघळू लागलं. काका दर अर्ध्या तासानं क्लॅम्पला बोट लावून बघत. पहाटे मुलीनं शेवटचा फोटो दाखवला. तारे मोहरीसारखे टिपून घेतलेले, एकाभोवतीही धुरकटपणा नाही.

"माझ्या दोन मैत्रिणींना हवाय असाच," ती म्हणाली.

"करू की. तुझ्या आईला वेळ आहे का विचार."

आई मागच्या सीटवर पांघरूण डोक्यापर्यंत ओढून गाढ झोपली होती. दोघांनी आवाज न करता गाडीचं दार लावलं.