जयनगरचा एक मतदार

विमला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी इंटरनेटवर बोलायला लागलो. त्याआधी वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचो. संपादक त्यांची शेपूट कापत, कधीकधी डोकंही. मग अमेरिकेतल्या श्रीवत्सनं फोनवर सुचवलं, "अण्णा, स्वतःचं पान काढा. मी इथनं रोज वाचतो." लेक वाचणार म्हटल्यावर मी सायबर कॅफेत बसून पान काढलं आणि पत्ता त्याला ईमेलनं कळवला. नाव मात्र घातलं नाही. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस नाव घालायला बिचकतो. खाली लिहिलं, 'जयनगरचा एक मतदार'.

नव्व्याण्णवच्या निवडणुकीत मी एका उमेदवाराच्या सगळ्या सभांना जाऊन बसलो. आमच्या मराठी मंडळींना त्यानं बाजारामागच्या मोकळ्या जागेवर सभागृह कबूल केलं. तीच जागा तमिळ लोकांना देवळासाठी दिली आणि कन्नड लोकांना वाचनालयासाठी. बंगलोरात या तिन्ही भाषा कळणारे पुष्कळ आहेत, पण तिन्ही सभांना जाण्याइतका रिकामटेकडा मी एकटाच. त्या बिचाऱ्यानं मला हिशेबात धरलंच नव्हतं.

मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. त्याच आठवड्यात एका मोठ्या दैनिकानं ते पहिल्या पानावर छापलं, 'इंटरनेटवरील एका पानानुसार' म्हणून. मागोमाग बाकीच्यांनीही छापलं. उमेदवाराला खुलासा करत फिरावं लागलं. माझी पत्रं कापणारेच आता माझं वाक्य न वाक्य घेत होते. मला फार आनंद झाला, आणि तो सांगायला कोणी नाही याचं वाईटही वाटलं. सगळे अंक विमलाच्या खुर्चीवर ठेवून मी रविवारची वाट बघत राहिलो. श्रीवत्सचा फोन रविवारी येतो.

आला. आवाजात उत्साह होता.

"अण्णा, त्या मोकळ्या जागेची बातमी वाचलीत? इथं आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पाठवतायत. तुमच्या जयनगरातलाच कोणीतरी आहे. काय लिहितो!"

"माझं पान बघितलंस का रे?" मी विचारलं.

"नाही हो अण्णा, स्वल्पही वेळ मिळत नाही. बघतो नक्की. पण तुम्ही याचं वाचाच. पत्ता सांगू?"

मी पेन्सिल शोधली.

"सांग," म्हटलं.

त्यानं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी लिहून घेतलं.