भिकाजीशेठची कोरडी टाकी

“हाजरा, बंद तोंडाची वस्तू दिसली की आधी तिचं तोंड उघड. वजनकाटा नंतर. आणि कटर तर त्याच्याही नंतर.”

अब्बांना जाऊन सात वर्षं झाली. भंगाराचा धंदा आता हाजरा एकटीच बघायची. पण लोखंडाला हात लावताना बिस्मिल्लाच्या पाठोपाठ अब्बांचे हे शब्द कानात यायचेच.

आज मिरकरवाडा बंदरात भिकाजीशेठनी जुना ट्रॉलर मोडायला काढला होता. साखळ्या, कप्प्या, पितळी पंखा, सगळा माल उत्तम. घोडं अडलं होतं ते डिझेलच्या टाकीपाशी. अख्खी टाकी टेम्पोत मावत नव्हती आणि तिचं खालचं बूच गंजून घट्ट बसलं होतं. तिच्या हाताखालच्या रितेशने तर गॅस-कटरच्या नळ्या जोडूनसुद्धा ठेवल्या होत्या.

“थांब रे रितेश. बूच उघडल्याशिवाय कापायची नाही.”

“अहो हाजराभाभी, वर्षभर बोट वर ओढलेली आहे,” भिकाजीशेठ बिडीचा झुरका घेत म्हणाले. “आत एखादी पाल मेली असली तर असेल. कोरडी ठक्क आहे टाकी!”

“मग उघडायला काय हरकत आहे?”

“वेळ जातो ना! अकराला सोसायटीची मीटिंग आहे माझी. हे इस्त्रीचे कपडे बघा जरा. जमत नसेल तर सांगा, दुसरा भंगारवाला टपूनच बसलाय. सगळा माल त्याला देतो.”

हाजराने साखळ्यांच्या ढिगाकडे एकदा पाहिलं. असा माल वर्षातून एकदाच हाती लागतो. पण रितेशच्या बायकोला आठवा महिना होता, आणि टाकीपुढे वाकून बसणार होता तो रितेशच.

“द्या त्याला,” ती हळूच म्हणाली. “पण त्यालाही उघडूनच द्या. आणि ती बिडी आधी विझवा.”

शेठनी रागाने बिडी चपलेखाली चिरडली. “आणा तो पाना! दाखवतोच कोरडी कशी असते ती!”

दोन हिसक्यांत बूच निघालं. काळंशार डिझेल भळाभळा बाहेर आलं आणि शेठच्या पांढऱ्या पँटीवरून थेट चपलांत उतरलं.

“शेठ, पाल पोहायला शिकली होती वाटतं!” रितेश खो खो हसला. मग हातातल्या कटरकडे बघून त्याने तो जरा लांब धरला. “आता कापू का, भाभी?”

“डिझेल गेलं तरी वाफ आत राहते, ठिणगी पडली की टाकी फुटते. आज हिला हात लावायचा नाही. बादल्या लाव.”

शेठनाही आता हसू आलं होतं. पण चिरडलेल्या बिडीकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरे देवा, भागोजी!”

ह्याच बोटीची दुसरी टाकी त्यांच्या धाकट्या भावाने, भागोजीने, राजापूरला नेली होती. काजू भाजायला तिचा ड्रम करायचा होता. आजच चार वाजता ती कापायला वेल्डर येणार होता. शेठनी लगेच फोन लावला. पलीकडचं हसू सगळ्यांना ऐकू आलं. “दादा, तुझी ओली निघाली म्हणून माझीही ओली काय?” फोन बंद.

“लहानपणापासून असाच. मी नको म्हटलं की मुद्दाम करणार,” शेठ फोन खिशात टाकत म्हणाले. “आता फोनही उचलायचा नाही. समोर आलेल्या परक्या माणसाचं मात्र ऐकतो हो तो.”

“मग मी सांगते त्याला. चारच्या आत पोचते, शेठ. ती टाकी कापू देत नाही.”

रितेश बादल्या बदलत होता. शेठ वाळूने चपला घासत होते. हाजराने हात स्वच्छ धुतले. दुपारची जोहरची नमाज आज राजापुरातच, असं मनाशी ठरवून तिने ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि शेठकडून भागोजीचा पत्ता घेऊन एसटी स्टँडच्या वाटेला लागली.